मांडववाल्याचं शीड

मी समुद्र पाहिलेला नाही. हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर पुढं वाचताना कुणीतरी शहाणा म्हणेल, "रशीदभाईला काय कळतंय जहाजातलं?" काही कळत नाही. उभा जन्म लातुरात गेला. ज्या गावाला प्यायचं पाणी रेल्वेनं आणावं लागलं, त्या गावात बसून मी एका कंपनीसाठी जहाजाचं शीड शिवलं. ऐकणारे हसतात. हसू द्या. त्या शिडानं मला जे दिलं ते हजार लग्नांनी दिलं नाही, म्हणून संपादकांनी धंद्याबद्दल लिहा म्हटल्यावर मी लग्नं बाजूला ठेवली.

धंदा माझा मांडवाचा. बांबू रोवणारे वेगळे, लायटिंगवाले वेगळे. मी कापड शिवणारा. वर ताणतात ते छत, बाजूला भिंतीसारखी उभी करतात ती कनात, आणि कडेला लोंबते ती झालर. मधलं काम मशीनवर, पण कडा हातानं. जाड सुई, जिला आम्ही दाभण म्हणतो, ती सुतळीसकट कापडातून ओढायची. माझ्या उजव्या तळव्यावर तिचा घट्टा आहे. हात मिळवताना लोक चमकतात, मला मजा वाटते.

लग्नाला आलेला पाहुणा झालरीकडं बघतो. मी कापडात ठेवलेल्या फटींकडं बघतो. कापड ऊन सोसतं, पाऊसही सोसतं, वारा मात्र सोसत नाही. आत शिरलेल्या वाऱ्याला बाहेर पडायला वाट नाही मिळाली तर तो बांबूसकट सगळं उचलतो, नवरा-नवरी राहतात उन्हात. म्हणून छतात आणि कनातीत जागोजाग वीतभर फट ठेवायची आणि वरून पदर शिवून ती झाकायची. पाहुण्याला ती दिसत नाही, वाऱ्याला बरोबर सापडते. एवढंच आमच्या धंद्याचं गुपित, आणि ते मी आज फुकटात सांगून टाकलं.

ही अक्कल वडिलांनी मला तोंडी दिली होती. अंगात मुरली ती भूकंपात.

गणपती नुकतेच उठले होते. मंडळांच्या मांडवांचं कापड आमच्या अंगणात ढिगानं येऊन पडलेलं, काही अजून ओलं. सकाळी औशाकडून बातमी आली. आम्ही होतं नव्हतं ते कापड, ताडपत्र्या, सुतळीचे गुंडे टेम्पोत टाकले आणि निघालो. तिथं काय पाहिलं ते मी लिहिणार नाही. ज्यांनी पाहिलं त्यांना सांगायची गरज नाही. पावसाची रिपरिप चालू होती आणि लोकांना डोक्यावर काहीतरी हवं होतं. गणपतीच्या लाल-पिवळ्या कनातींना ताडपत्री जोडून आम्ही तंबू शिवत सुटलो. बोटं सुजली. फटी ठेवायला वेळ कुठं होता? एका फटीला पदर शिवायचा म्हणजे अर्धा घंटा जातो, तेवढ्यात अजून एक तंबू उभा राहतो. मी मनाशी म्हणालो, राहू दे.

तिसऱ्या दिवशी दुपारी वारा सुटला आणि एक तंबू उठला. आत एक म्हातारी होती. तंबू उडू नये म्हणून तिनं दोर मनगटाला गुंडाळून घेतला होता. वाऱ्यानं तिला दहा पावलं चिखलातून ओढत नेलं. मनगट मोडलं. मी धावत गेलो, दोर सोडवला, तर ती रडत नव्हती. माझ्याकडं बघून शांतपणे म्हणाली, "बाबा, पक्कं घर पडलं, त्याचं मी कुणाला बोलू? हे तर तू शिवलेलं हाय."

मी तिचं नाव विचारलं नाही. विचारायला तोंड नव्हतं. पण त्या माउलीचे उपकार आहेत माझ्यावर. त्या दिवसापासून माझ्या हातून फटीशिवाय कापड गेलं नाही. घरात माझी थट्टा व्हायची. माझी बायको शमीम म्हणायची, "उद्या उशीच्या अभ्र्यालाही फट ठेवाल तुम्ही."

पुढं लातुरात क्लासेसचं पीक आलं. नांदेडकडची, देवणीची, पार किनवटजवळच्या इस्लापूरची पोरं सुटकेस घेऊन उतरू लागली. पोरं जास्त आणि खोल्या कमी. मग पत्र्याची मोठी शेड घ्यायची, मध्ये माझ्या कनाती लावायच्या, की झाले चार वर्ग. अलीकडं फिजिक्स, पलीकडं बायोलॉजी. आवाज गळतो म्हणून मी दोन कापडांच्या मध्ये गोणपाट घालून कनाती शिवल्या, पण फटी ठेवल्याच. आठवड्यानं फिजिक्सचे सर तावातावानं दुकानात आले.

"रशीदभाई, तुमच्या फटीतून माझी अख्खी बॅच पलीकडची मुलींची बॅच बघून राहिली! आत्ताच्या आत्ता बुजवा."

"सर, फट बुजणार न्हाई. पोरांचे डोळे बुजवा."

शेवटी तोड निघाली. फटी पुरुषभर उंचीच्या वर घेतल्या. पंधरा दिवसांनी सर परत आले. पोरं आता बाकांवर उभी राहत होती. त्यातली बरीच आज डॉक्टर आहेत, एकानं माझा मोतीबिंदू काढला. मी त्याला विचारलं नाही की तू बाकावर होतास का खाली.

त्याच शेडमध्ये पलीकडच्या बॅचला बसलेली एक मुलगी कैक वर्षांनी माझं दुकान शोधत आली. ऋतुजा तिचं नाव. गाव औशाकडचं, भूकंपानंतर नव्या जागेवर वसवलेलं. शिकून पुण्याच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत लागली होती. कंपनीचे साहेब लातुरात हॅकेथॉन घेणार होते. म्हणजे काय तर दोन दिवस पोरापोरींनी गट करून कॉम्प्युटरपुढं बसायचं, एखादी अडचण घ्यायची आणि तिच्यावर तोड काढायची. सजावटीला विषय समुद्राचा. तो साहेबांनी पुण्यात बसून ठरवलेला. मी पोट धरून हसलो.

ती हसली नाही. म्हणाली, "चाचा, ह्या दोन दिवसांत साहेबांना पसंत पडलं तर ते इथं ऑफिस काढणार. न्हाई पडलं तर विषय संपला. माझी आई गावात एकटी हाय. आठ वर्षं झाली, मी सणाला पाहुण्यासारखी येते. मला घरी यायचंय." आणि पुढं म्हणाली, "ते पुण्याहून छापील फ्लेक्स आणणार होते. मी भर मीटिंगमध्ये बोलले, सगळं हातानं करू आणि लातुरातच करू, माझी माणसं हायेत. आता माझी इज्जत तुमच्या हातात."

काय बोलणार? हाव, करतो म्हणालो.

महिनाभर आमचं घर बंदर झालं होतं. प्रत्येक गटाला एक तिकोनी निशाण, वर कापडाची अक्षरं कापून शिवलेली. ट्रॅक्टरच्या ट्यूब फुगवून त्यांना लाल-पांढरं कापड गुंडाळलं, झाली बुडणाऱ्याला फेकायची कडी. प्लायवूडचा नांगर कापून त्याला सुतळी वेटाळली. हा जहाजाचा नांगर बरं का, शेजारचे पाटील येऊन म्हणाले, "ह्यानं पेरणी कशी होणार?" पोरांच्या गळ्यातल्या ओळखपट्ट्यांनाही गोणपाट वापरलं, ते मानेला टोचेल म्हणून शमीमनं आतून मलमलचं अस्तर लावलं. ती गल्लीतल्या बायांचे ब्लाउज शिवते. अक्षरांच्या कडा सगळ्या तिनंच दुमडल्या. तेव्हा मी त्याला 'हातभार' म्हणायचो.

राहिलं मोठं शीड. स्टेजच्या मधोमध, बारा हात उंच. शिडाबद्दल कुणाला तरी विचारावं म्हणून मी नांदेडला गेलो. शमीमच्या माहेरच्या गल्लीतला मारोती गोदावरीच्या घाटावर होडी चालवतो. आमच्या ओळखीत पाण्यावर पोट असलेला तेवढा एकच.

"दाजी, आमच्या होडीला शीड कुठंय?" तो म्हणाला. "हे वल्हं, आन् हे माझे दंड."

"आन् वारा आला तर?"

"वारा आला की होडी काठाला बांधायची आन् चहा प्यायचा."

त्याचं आणि माझं वाऱ्याबद्दलचं मत एकच निघालं. मला लई बरं वाटलं. येताना त्यानं भिजल्यावर न सुटणारी एक गाठ शिकवली आणि स्टेजवर ठेवायला आपलं जुनं वल्हं दिलं. एवढ्या भरवशावर घरी येऊन मी मांजरपाट कापलं. सरळ, चौकोनी, सुतात. आणि हात आपोआप चालला: जागोजाग तेरा फटी ठेवल्या, प्रत्येकीवर पदर. शिवून झाल्यावर मी त्यावरून हात फिरवला आणि स्वतःलाच शाबासकी दिली.

हॅकेथॉनच्या आदल्या दिवशी सकाळी मंगल कार्यालयात सगळं लावलं. निशाणं, कड्या, नांगर, सगळं झकास. साहेब पुण्याहून गाडीनं आले. माणूस वाईट नव्हता, घाईतला होता. शिडामागं मोठा लोखंडी कूलर ठेवला होता. ऋतुजानं तो चालू केला. वारा आला, तेरा फटींतून आरपार गेला, आणि शीड जागचं हललं नाही. वाळत घातलेल्या चादरीसारखं लोंबत राहिलं.

साहेब म्हणाले, "हे शीड आहे की मांडवाचा पडदा?"

कुणीतरी हसलं. ऋतुजाचा चेहरा उतरला. साहेब घड्याळ बघत तिला म्हणाले, "हाताचा हट्ट पुरे झाला. आपण फ्लेक्स मागवू. मी जेवून चारला येतो, तोवर काय ते ठरव."

ते गेल्यावर मी तिच्यावरच उखडलो. चूक झाली की मी आधी उखडतो, ही माझी जुनी खोड आहे. "कापडात खोट काढून दाखव! चाळीस वर्षांत माझा मांडव उडाला न्हाई!"

"चाचा, त्या फटी बुजवाव्या लागतील."

"बुजणार न्हाईत."

"का?"

मग मी तिला म्हातारीचं सांगितलं. आजवर शमीमशिवाय कुणाला सांगितलं नव्हतं. ऋतुजा खाली स्टेजच्या पायरीवर बसली. ऐकून घेतलं. मग म्हणाली, "चाचा, माझा जन्म भूकंपानंतरच्या पत्र्याच्या शेडमधला. वारा काय असतो ते आईनं मला लई सांगितलंय. पण हे शीड हाय. ह्यानं वारा सोडायचा नसतो, धरायचा असतो. तरच जहाज पुढं जातं."

मी उठलो. शीड गुंडाळलं, रिक्षात घातलं, घरी आलो.

सगळं ऐकून शमीमनं ते गल्लीत अंथरायला लावलं. शेजारच्या बायका कडेनं उभ्या. तिनं एकदा या टोकाकडून बघितलं, एकदा त्या टोकाकडून, आणि तोंडाला पदर लावून हसू लागली. आमची घरची बोली दखनी. ती म्हणाली, "अजी, चालीस साल मांडव सिए, पेट कब सिए?" म्हणजे, फटी बुजवल्या तरी हे फुगणार नाही, सपाट कापडाला पोट येत नसतं, ते काढावं लागतं. ब्लाउजला काढतात तसं. कडेला कापड चिमटीत धरून आत शिवून टाकायचं, त्याला टक्स म्हणतात. कडा आवळल्या की मधलं कापड आपोआप पुढं येतं. गल्लीतली सातवीतली पोरगीसुद्धा हे जाणत होती. मी जाणत नव्हतो. मला आयुष्यभर कापड ताणायचंच माहीत होतं.

तिनं ब्लाउजचा खडू घेतला आणि गुडघ्यावर रांगत चारही कडांना खुणा केल्या. टेप लावली नाही, बोटांनी मापलं. मी म्हणेन तिथं ती नाही म्हणत होती. "तुम्ही कापड धरा फक्त." मी धरलं. घड्याळात एक वाजला, दीड वाजला. टक्स झाले. मग फटींची पाळी आली. मी दाभण घेतली, पहिल्या फटीपाशी बसलो, आणि माझा हात चालेना. हसू नका. साठी उलटलेला माणूस, भर गल्लीत, हातात सुई धरून नुसता बसून राहिलो. डोळ्यांपुढं ते मनगट आणि तो दोर.

शमीमनं माझ्या हातातली दाभण काढून घेतली. "तुम्ही तिकडं बघा," म्हणाली.

मी तिकडं बघितलं. तिनं तेरा ठिगळं लावली. एकेका टाक्याचा आवाज मला ऐकू येत होता. झाल्यावर म्हणाली, "हे घरावर न्हाई टाकायचं. ह्याच्याखाली कुणी झोपणार न्हाई. उठा आता." तेव्हा कुठं मी उठलो.

पावणेचारला शीड चढलं. मारोतीच्या गाठीनं खालचे कोपरे बांधले. ऋतुजानं कूलर लावला, आणि बघता बघता त्या मांजरपाटाला पोट आलं. गच्च, गोल, बांबू करकरला. मी घाबरून दोन पावलं मागं सरलो. साहेब दारातून आत आले, तिथंच उभे राहिले. खिशातून मोबाइल काढून फोटो घेतला. फ्लेक्सचं नाव मग कुणी काढलं नाही.

दोन दिवस पोरं त्या शिडापुढं बसली. एका गटानं टँकर कुठल्या गल्लीत कधी येणार ते मोबाइलवर कळवायची युक्ती काढली, तिला पहिलं बक्षीस मिळालं. शेवटच्या दुपारी साहेबांनी जाहीर केलं की लातुरात ऑफिस निघणार आणि ते ऋतुजा बघणार. तिनं डोळे पुसले. मग साहेब म्हणाले, "आणि हे शीड ज्यानं शिवलं त्या कारागिरानं वर यावं."

मी वर गेलो. शाल घातली, हातात माइक दिला. मांडववाल्याला माइक कधी मिळत नाही. माइक लागण्याआधीच त्याचं काम संपलेलं असतं. समोर तीन-चारशे पोरं. साहेबांनी विचारलं, "चाचा, शिडाला हे पोट काढायचं कसं सुचलं तुम्हाला?"

शमीम दुसऱ्या रांगेत बसली होती. मला स्पष्ट दिसत होती.

मी म्हणालो, "चाळीस वर्षांचा हात हाय, साहेब."

टाळ्या पडल्या. सगळ्यात जोरात ती वाजवत होती. मी घरी येताना वाट बघत होतो, आता बोलेल, आता बोलेल. घरी आल्यावर तिनं शालीची घडी घातली आणि डांबरगोळी टाकून पेटीत ठेवली. भांडली असती तर मी बरोबरीनं भांडलो असतो, मिटलं असतं. ती खुश होती, हेच मला सोसवेना. तंबूची चूक घाईनं झाली होती. ही चूक मी आरामात, शाल पांघरून, तिच्याकडं बघत केली होती.

चार महिन्यांनी ऑफिस सुरू झालं. शीड तिथल्या मोठ्या भिंतीवर लावायचं ठरलं आणि ऋतुजाचा फोन आला, "चाचा, खाली पाटी लावायचीय, तुमचं पूर्ण नाव सांगा." मी म्हणालो, फोनवर नको, येतो. शमीमला चल म्हणालो. ती म्हणाली, "मी काय करू तिथं?" तरी ओढून नेली.

ऋतुजाची आई तिथं आली होती, हिरवं लुगडं नेसून मुलीच्या खुर्चीवर बसली होती. तिला बघून मला धीर आला. मी ऋतुजाला बाजूला घेऊन सगळं सांगितलं. टक्स कुणी काढले, ठिगळं कुणी लावली, मी कुठं बघत होतो.

"मग त्या दिवशी का न्हाई बोललात?"

"जीभ वळली न्हाई, बेटा."

आजही मला याहून चांगलं उत्तर सुचलेलं नाही.

आम्ही वळून बघतो तर शमीम भिंतीपाशी मान वर करून उभी. शीड लावणाऱ्यांनी ओढताना डावीकडच्या कडेचा एक टक्स उसवला होता. तिनं कुणालाही न विचारता एक स्टूल ओढलं, चप्पल काढली, वर चढली, आणि पिशवीतून सुई-दोरा काढून टाके घालू लागली. गळ्यात पट्ट्या घातलेली दहा-बारा पोरंपोरी कॉम्प्युटर सोडून भोवती गोळा झाली. मी पळत जाऊन स्टूल धरलं.

तेवढ्यात साहेब आत आले. "अरे चाचा! या कोण?"

"ही शमीम, माझी बायको," मी म्हणालो, आणि मुद्दाम मोठ्यानं म्हणालो, सगळ्यांना ऐकू जाईल असं, "शीड हिनं शिवलंय, साहेब. पोट हिनं काढलंय. त्या दिवशी शाल मी हिची घेतली."

साहेबांनी हात जोडले. पोरं वर बघू लागली.

शमीमनं दोरा दातानं तोडला आणि खाली न बघताच म्हणाली, "भाषण नंतर करा. स्टूल नीट धरा, हलून राहिलं."